तीन दुहेरी बंध असूनही ब्रोमीन पाण्याचा रंग का जात नाही? (अकरावीच्या मुलांसाठी, आणि ज्यांना तेव्हा बेंझीन कळलं नव्हतं त्यांच्यासाठी)

खडूफळा | सोमवार, रात्री ९.४०

मी सोलापुरात २२ वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. अरोमॅटिक हायड्रोकार्बन सुरू झाले की वर्गात दरवर्षी तेच घडतं. मुलं अभिक्रियांची यादी पाठ करतात, पेपरात उतरवतात, आणि बारावीत फिनॉल-अनिलिन आलं की पाटी कोरी. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलांचा तर निम्मा जीव इंग्रजी शब्दांशी झटापट करण्यातच जातो. त्यांच्यासाठी मराठीत सविस्तर बोलावं म्हणून हा धागा काढतेय.

परवा प्रयोगशाळेत दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत करडईचं तेल, दुसरीत टोल्युइन. (बेंझीन कर्करोगकारक आहे, म्हणून मुलांच्या हातात देत नाही. सहा कार्बनांचं कडं दोघांचं सारखंच, टोल्युइनला बाजूला एक मिथिल गट जास्त.) दोन्हींत नारिंगी ब्रोमीन पाणी घालून हलवलं. दुहेरी बंधानं ब्रोमीन जोडून घेतला की रंग जातो, आणि तेलातला रंग बघता बघता नाहीसा झाला. टोल्युइनच्या नळीत खालचं पाणी फिकं झालं आणि वरचा थर नारिंगी. निम्मा वर्ग ओरडला, "गेला, रंग गेला!" गेला नव्हता. ब्रोमीन पाण्यातून उठून टोल्युइनमध्ये जाऊन बसला होता, एवढंच. अभिक्रिया झालीच नाही. खालच्याच थराकडे पाहून निरीक्षण लिहिणाऱ्यांचे गुण इथं जातात, म्हणून दोन्ही थर बघायची सवय लावा.

मग एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तेलातल्या मेदाम्लाच्या साखळीत दुहेरी बंध दोनच. पुस्तकात टोल्युइनच्या कड्यात तीन काढलेत. मग टोल्युइननं आधी ब्रोमीन घ्यायला पाहिजे की."

हा प्रश्न ज्याला पडला त्याला निम्मा धडा आला. बेंझीनमध्ये कार्बन सहा, हायड्रोजन सहा. एवढा कमी हायड्रोजन म्हणजे हे संयुग भलतंच असंपृक्त असणार, दिसेल त्याला चिकटणार, असं कुणालाही वाटेल. पण ते शांत बसून राहतं. मायकेल फॅरडेनं १८२५ मध्ये दिव्याच्या गॅसच्या तेलकट गाळातून ते वेगळं काढलं. त्याला कडं म्हणायला १८६५ उजाडावं लागलं, ते केकुले या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं म्हटलं. म्हणजे ४० वर्षं मोठमोठ्या लोकांना हे कोडं सुटलं नव्हतं. तुम्हाला एका तासात सुटलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

माझं उत्तर एका वाक्यात: त्या कड्यातले सहा पाय-इलेक्ट्रॉन (दुहेरी बंधातल्या दुसऱ्या बंधाचे इलेक्ट्रॉन) कुणा दोन कार्बनांच्या मालकीचे नाहीत, ते सहा जणांचे सामाईक आहेत, आणि ही सामाईकी मोडायला बेंझीन सहजी तयार होत नाही. रचना, नावं, अभिक्रिया सगळं इथूनच उलगडतं. विचारा.

---

बारावीसायन्स | सोमवार, रात्री १०.१५

मॅडम, आमच्या क्लासमध्ये सांगितलं होतं की दुहेरी बंध सारखे जागा बदलतात, एकदा इकडं एकदा तिकडं, इतक्या वेगानं की पकडता येत नाहीत. म्हणून ब्रोमीन लागत नाही. हे बरोबर का?

---

खडूफळा | सोमवार, रात्री १०.३२

नाही, आणि हा गैरसमज फार खोल रुजलाय. खुद्द केकुलेनंही नंतर साधारण असंच मांडलं होतं, त्यामुळे क्लासच्या सरांना दोष देत नाही. पण मोजमाप वेगळं सांगतं. एकेरी कार्बन-कार्बन बंध १५४ पिकोमीटर लांब असतो, दुहेरी १३४. बेंझीनमधले सहाच्या सहा बंध १३९ पिकोमीटर. एकही लांब नाही, एकही आखूड नाही. कॅथलीन लॉन्सडेल यांनी १९२९ मध्ये क्ष-किरणांनी हेक्झामिथिलबेंझीनचा स्फटिक तपासला आणि ते कडं सपाट, नियमित षटकोन असल्याचं दाखवून दिलं. दुहेरी बंध एकदा इकडं, एकदा तिकडं दाखवून आपण कागदावर काढतो ती दोन चित्रं ही आपल्या पेन्सिलीची मर्यादा आहे. रेणू एकच आहे, आणि तो त्या दोहोंपैकी कुठलाच नाही.

---

पूर्वभाग | मंगळवार, सकाळी ६.०५

मॅडम नमस्कार. मी रंगारी आहे, आमचं घर तीन पिढ्या मागापाशी आणि रंगाच्या टाकीपाशी. शिक्षण बारावी सायन्स, पुढं जमलं नाही. पोराला मी हे असं सांगितलं होतं, चुकत असेल तर सांगा. लाल आणि निळा मिसळून धागा जांभळा रंगवला, तर तो एका क्षणी लाल आणि दुसऱ्या क्षणी निळा होत नाही. तो जांभळाच असतो. लाल आणि निळा हे आपण रंग कसा बनला ते सांगायला वापरतो.

---

खडूफळा | मंगळवार, सकाळी ७.२०

अण्णा, उद्या वर्गात हेच सांगणार, तुमच्या नावानं. यात एकच भर घालते. जांभळ्यात लाल-निळ्याच्या मधला रंग मिळतो. बेंझीनमध्ये मधलं काहीतरी मिळतंच, पण वर नफाही होतो, रेणू दोन्ही चित्रांपेक्षा जास्त स्थिर होतो. तो नफा मोजलेला आहे. सायक्लोहेक्झीनमध्ये एक दुहेरी बंध. त्याला हायड्रोजन जोडला की एका मोलमागे साधारण १२० किलोज्यूल उष्णता निघते. तीन दुहेरी बंध असते तर ३६० निघायला हवी होती. बेंझीनमधून निघते २०८. राहिलेले १५० च्या आसपास किलोज्यूल बेंझीननं आधीच सोडून दिलेत, तेवढा तो खाली, स्थिर जागी बसलाय. ब्रोमीन जोडायचा म्हणजे त्याला त्या जागेवरून उठवायचं. करडईच्या तेलातल्या दुहेरी बंधाला असं सोडण्यासारखं काही नसतं, म्हणून तो लगेच ब्रोमीन घेतो.

---

मंगळवेढेकर | मंगळवार, दुपारी १.१०

शेतकरी आहे, बीएस्सी अॅग्री. एक शंका. उसाला हुमणी लागली की माझे वडील बीएचसी पावडर टाकायचे. गॅमेक्झिन म्हणायचे तिला गावात. घरभर कुबट वास असायचा. ती बेंझीनपासूनच करतात ना? आणि तिच्यात कड्याला सहा क्लोरीन असतात. मग कडं मोडतच नाही हे कसं?

---

खडूफळा | मंगळवार, दुपारी २.४५

मी "सहजी तयार होत नाही" म्हटलं, "कधीच नाही" म्हटलं नाही. तरी तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे. बेंझीनमध्ये क्लोरीन सोडून त्यावर अतिनील प्रकाश पाडला की समावेशन (काही न काढता नुसती जोडणी) होतं, तीन क्लोरीन रेणू जोडले जातात आणि हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन मिळतं. सगळे बंध एकेरी, सपाटपणा गेला, अरोमॅटिकपणा गेला. म्हणून "बेंझीन हेक्झाक्लोराइड" हे नाव फसवं आहे, त्यात बेंझीन उरलेलंच नाही. हेक्झाक्लोरोबेंझीन हे पूर्ण वेगळं संयुग. स्पर्धा परीक्षेत हे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी ठेवतात आणि चांगली चांगली मुलं चुकतात.

तसंच निकेल उत्प्रेरक, वरचं तापमान आणि दाब दिला की हायड्रोजनही जोडता येतो. म्हणजे सामाईकी मोडते, पण त्यासाठी जोर लावावा लागतो.

त्या पावडरीत वेगवेगळ्या मांडणीचे समघटक मिसळलेले असायचे, आणि कीड मारायचा तो मुख्यतः त्यातला गॅमा. तो भाग थोडाच, साधारण १० ते १५ टक्के. बाकीचं मातीत पडून राहायचं. ती पावडर भारतात १९९७ मध्ये बंद झाली.

---

मंगळवेढेकर | मंगळवार, दुपारी ३.०२

बंद झाल्यावरही कोठ्यात पोतं पडून होतं आमच्या. वडील हातानं टाकायचे, हातमोजे नाहीत, तोंडाला फडकं नाही. कुणी सांगितलंच नाही. आता तुम्ही समजावलं तेव्हा कळतंय काय होतं ते. धन्यवाद मॅडम.

---

शब्दवेडी | मंगळवार, रात्री ९.२०

रसायनशास्त्रातलं मला काही येत नाही, मी भाषेची विद्यार्थिनी. पण या नावांचा प्रवास मी गोळा केलाय आणि तो इथं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बेंझीन हा शब्द आपल्या लोबानातून आलाय! अरब व्यापारी आग्नेय आशियातल्या सुगंधी डिंकाला "लुबान जावी" म्हणत, म्हणजे जावाकडचा लोबान. युरोपात जाताना पुढचा "लु" गळाला, उरलेल्याचं बेंजॉइन झालं. त्या डिंकातून मिळालं ते बेंझोइक आम्ल. ते आम्ल मिचरलिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं चुन्याबरोबर तापवलं आणि १८३०च्या दशकात जे तेल मिळालं त्याला बेंझिन म्हटलं. मंगळवार पेठेत लोबान आणायला गेलात की आठवा, पिशवीत जे आहे त्यात खरोखर बेंझीनची कडी आहेत.

अनिलिन तर आपल्याच घरातलं. संस्कृत नील, त्याचं अरबीत अन्-नील, पोर्तुगीजांनी अनिल केलं. निळीचं ऊर्ध्वपातन करून १८२६ मध्ये हा द्रव पहिल्यांदा मिळाला, पुढं १८४१ मध्ये त्याला अनिलिन नाव पडलं.

टोल्युइन कोलंबियातल्या तोलू गावच्या बाल्समवरून. फिनॉल, फिनाइल हे ग्रीक "चमकणे" या धातूवरून, कारण बेंझीन दिव्याच्या गॅसमध्ये सापडलं होतं. आणि नॅप्थलीनला आपण डांबरगोळी म्हणतो ते तर किती अचूक, कारण ते कोळशाच्या डांबरातूनच काढत. आजीच्या ट्रंकेत चादरींच्या घड्यांमध्ये त्या गोळ्या असायच्या. "सुगंधी" हे या कुळाचं नाव लोबान आणि बाल्सममुळेच पडलं ना मॅडम?

---

खडूफळा | मंगळवार, रात्री १०.०५

हो. सुरुवातीला सापडलेली यातली बरीच संयुगं वासाची होती, म्हणून अरोमॅटिक. आता वासाचा काही संबंध उरलेला नाही. पुष्कळ अरोमॅटिक संयुगांना वासच नसतो किंवा घाण वास असतो, आणि आपला कापूर छान वास देतो पण अरोमॅटिक नाही. मराठीत "सुगंधी हायड्रोकार्बन" म्हणायला मला म्हणूनच आवडत नाही, मुलं वास घ्यायला जातात. अरोमॅटिकच म्हणावं.

फिनाइलवरून आठवलं. वर्गात फिनाइल गट सांगितला की कुणीतरी "फरशी पुसायचं फिनेल?" असं विचारतंच, आणि बाकीची हसतात. हसू नये. काळं फिनेल कोळशाच्या डांबरातल्या फिनॉल, क्रेसॉल अशा तेलांपासून करत आलेत, म्हणजे शब्दाचं नातं खरं आहे. गट म्हणून मात्र लक्षात ठेवा: कड्याचा एक हायड्रोजन काढला की फिनाइल. टोल्युइनच्या बाजूच्या मिथिलचा हायड्रोजन काढला की बेंझाइल. बेंझाइलमध्ये कार्बन सात. नावं अगदी उलट वाटतात, पण तशीच आहेत.

आणि डांबरगोळ्यांबद्दल: हल्ली पुष्कळ गोळ्या नॅप्थलीनच्या नसून पॅरा-डायक्लोरोबेंझीनच्या असतात. तेही अरोमॅटिकच. दोन्ही उघड्या खोलीत भरपूर ठेवू नयेत, तान्ह्या बाळाच्या दुपट्यात तर अजिबात नाही.

---

बारावीसायन्स | बुधवार, सायंकाळी ५.५०

ऑर्थो, मेटा, पॅरा मला पाठ आहे. कड्यावर दोन गट शेजारी म्हणजे १,२ ऑर्थो, एक सोडून १,३ मेटा, समोरासमोर १,४ पॅरा. पण ज्या काळी क्ष-किरण नव्हते तेव्हा त्यांना कसं कळलं कुठली बाटली ऑर्थोची आणि कुठली मेटाची?

---

खडूफळा | बुधवार, रात्री ८.३०

अरे वा. याचं उत्तर मला या सगळ्या धड्यात सर्वांत जास्त आवडतं. कॉर्नर नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १८७४ मध्ये ते फक्त मोजणीवर सोडवलं. तू स्वतः करून बघ. सहा ठिपक्यांची रांगोळी काढ, षटकोनी. दोन ठिपक्यांवर ब्रोमीन ठेव. आता तिसरा ब्रोमीन ठेवायच्या जागा शोध आणि त्यातून खरोखर वेगळे किती रेणू होतात ते मोज. फिरवून किंवा उलटून सारखे दिसले तर एकच धर. तिन्ही मांडण्यांसाठी कर आणि इथं लिही.

---

बारावीसायन्स | बुधवार, रात्री ९.४५

केलं.

पॅरामध्ये उरलेल्या चारही जागा सारख्याच निघाल्या, एकच रेणू.
ऑर्थोमध्ये दोन.
मेटामध्ये तीन. दोन ब्रोमीनच्या मधली जागा एक, त्याच्या समोरची एक, आणि बाजूच्या दोन जागा मिळून एक.

म्हणजे ज्या बाटलीतून तीन वेगवेगळे पदार्थ मिळाले ती मेटाची?

---

खडूफळा | बुधवार, रात्री ९.५२

अगदी तेच. भट्टी, तराजू, वितळणबिंदू आणि कागद-पेन्सिल, एवढ्यावर. रेणू कुणी पाहिला नव्हता. शाब्बास.

नाव लिहिण्याचं थोडक्यात सांगून टाकते, त्यात फार अडण्यासारखं नाही. कड्याला दोनच गट असतील तर ऑर्थो-मेटा-पॅरा चालतं. तीन झाले की अंकच हवेत, आणि अंक शक्य तितके लहान. टोल्युइन, फिनॉल, अनिलिन, बेंझोइक आम्ल अशी घरची नावं मूळ धरायची, मग तो गट असलेला कार्बन आपोआप १ नंबरचा. म्हणून २,४,६-ट्रायनायट्रोटोल्युइन, ज्याला सगळे टीएनटी म्हणतात.

---

पूर्वभाग | गुरुवार, सकाळी ६.१५

मॅडम, अभिक्रियांकडं येण्याआधी एक विचारू का? आम्ही नॅप्थॉलचं काम करायचो. टॉवेलचे लाल, मरून रंग. नॅप्थॉल कॉस्टिकमध्ये टीआर ऑईल (टर्की रेड ऑईल) घालून विरघळवायचं, धागा त्यात बुडवून पिळायचा. दुसऱ्या टाकीत बेस, हायड्रोक्लोरिक आणि नायट्राइट. त्यात बर्फ पाहिजेच. मे महिन्यात ४३-४४ डिग्रीला बर्फाच्या लाद्या फोडून टाकायचो. बर्फ कमी पडला की टाकीला फेस यायचा, पाणी तपकिरी व्हायचं, रंग बसायचा नाही आणि मालकाचं बोलणं खावं लागायचं. बर्फ का लागतो हे मला कुणी सांगितलं नाही. १५ वर्षं टाकत राहिलो.

---

खडूफळा | गुरुवार, रात्री ९.१०

अण्णा, तुमची टाकी म्हणजे बारावीचा अख्खा धडा आहे. सावकाश सांगते.

तुमचा "बेस" म्हणजे अनिलिनच्या कुळातला अमाइन: बेंझीनचं कडं आणि त्याला नायट्रोजनचा गट. नायट्राइट आणि आम्ल एकत्र आले की नायट्रस आम्ल तयार होतं, आणि ते त्या अमाइनचं डायझोनियम क्षार बनवतं. म्हणजे कड्याला आता दोन नायट्रोजन एकमेकांना तिहेरी बंधानं धरून बसलेत, अंगावर धन प्रभार घेऊन. हा क्षार ० ते ५ अंशांतच टिकतो. गरम झाला की ते दोन नायट्रोजन वायू होऊन निघून जातात आणि त्यांच्या जागी पाणी येऊन फिनॉल बनतं. तुमचा फेस म्हणजे तो नायट्रोजन. तपकिरी गढूळपणा म्हणजे फिनॉल आणि त्याच्याशी झालेली भलतीच जोडकामं. तुमच्या हाताला दोष नव्हता, उन्हाला होता.

आता धागा त्यात गेला की तो धन प्रभाराचा डायझोनियम धाग्यातल्या नॅप्थॉलच्या कड्यावर जाऊन बसतो. तिथला एक हायड्रोजन निघतो. कडं शाबूत. दोन कडी मध्ये नायट्रोजन-नायट्रोजन दुहेरी बंध घेऊन जोडली गेली आणि इलेक्ट्रॉनांची सामाईकी या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली. एवढी लांब सामाईकी दिसणारा प्रकाश शोषू लागते, म्हणून लाल. रंग धाग्याच्या आतच जन्मतो आणि पाण्यात विरघळत नाही, म्हणून धुण्यात टिकतो.

बेंझीनच्या या सगळ्या प्रतियोजन अभिक्रिया (हायड्रोजन काढून त्या जागी दुसरा गट बसवणाऱ्या) याच सांगाड्याच्या आहेत. इलेक्ट्रॉनांची भूक असलेला एक पाहुणा येतो. कड्याचे दोन इलेक्ट्रॉन घेऊन बसतो. क्षणभर सामाईकी मोडते, कड्यावर धन प्रभार येतो. मग त्याच कार्बनवरचा हायड्रोजन प्रोटॉन होऊन निघून जातो आणि सामाईकी पुन्हा सांधली जाते. पाहुणा बदलतो, एवढंच:

संहत नायट्रिक आणि संहत सल्फ्युरिक मिसळलं की पाहुणा नायट्रोनियम आयन. तापमान ६० अंशांखाली ठेवायचं, नाहीतर दुसरा नायट्रो गटही चढायला लागतो.
ब्रोमीन आणि फेरिक ब्रोमाइड असेल तर ब्रोमीन. नुसत्या ब्रोमीन पाण्यात तेवढी भूक नसते, म्हणून माझ्या नळीत काही झालं नाही.
धूमायमान सल्फ्युरिक असेल तर सल्फर ट्रायऑक्साइड. ही सहज उलटवता येते, विरल आम्लात उकळलं की गट उतरतो.
निर्जल अॅल्युमिनियम क्लोराइड असेल तर कार्बनचा पाहुणा, हीच १८७७ ची फ्रीडेल-क्राफ्ट्स.

फ्रीडेल-क्राफ्ट्समध्ये एक खोच आहे. सरळ प्रोपिल क्लोराइड घेतलं तरी मुख्यतः आयसोप्रोपिलबेंझीन मिळतं, कारण वाटेत धन प्रभार जास्त स्थिर जागी सरकतो. सरळ साखळीच हवी असेल तर आधी अॅसिल गट (ऑक्सिजन दुहेरी बंधानं जोडलेली कार्बन साखळी) चढवून मग ऑक्सिजन काढून टाकायचा.

---

पूर्वभाग | शुक्रवार, सकाळी ६.००

मॅडम, रात्री घरात वाचून दाखवलं. बायकोला म्हटलं, फेस नायट्रोजनचा होता. हवेत असतो तोच. माझे वडील बर्फ फोडता फोडता म्हणायचे, "थंड ठेव, रंग पळतो." पळत होता तो नायट्रोजन.

---

दवाखान्यातला | शुक्रवार, दुपारी २.३०

फार्मसिस्ट आहे. रंगाच्या कामावरचं वाचलं म्हणून लिहितो. अण्णा, या अमाइनांपैकी काही फार घातक आहेत. फ्रँकफर्टचे शल्यविशारद रेन यांनी १८९५ मध्येच रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतोय हे नोंदवलं होतं. बेंझिडीन हे त्यातलं सर्वांत बदनाम. ज्या अॅझो रंगांतून (नायट्रोजन-नायट्रोजन दुहेरी बंधाच्या, तुमच्या लालसारख्या) असे अमाइन सुटू शकतात त्यांवर जर्मनीनं १९९४ मध्ये बंदी घातली, आपल्याकडंही अशा काही रंगांवर १९९७ मध्ये बंदी आली. सगळे अॅझो रंग वाईट नाहीत, तो "बेस" कुठला हे महत्त्वाचं. लघवीत रक्त दिसलं, दुखत नसलं तरी, थांबू नका, तपासून घ्या. जुन्या सहकाऱ्यांनाही सांगा.

---

पूर्वभाग | शुक्रवार, रात्री ८.४०

सांगतो. दोघं-तिघं आहेत अजून त्या वेळचे. उद्या जातो त्यांच्याकडं.

---

बारावीसायन्स | शनिवार, सकाळी ११.२०

मॅडम, दुसरा गट कुठं जातो त्याचा तक्ता मला कधीच लक्षात राहत नाही. कोण ऑर्थो-पॅराला पाठवतो, कोण मेटाला. काही युक्ती आहे का?

---

खडूफळा | शनिवार, दुपारी १२.१०

युक्ती देणार नाही, कारण ती परीक्षेच्या दालनात दगा देते. मधल्या क्षणाचं चित्र काढ. पाहुणा बसल्यावर कड्यावर जो धन प्रभार येतो तो सगळीकडे पसरत नाही. पाहुण्याच्या ऑर्थो आणि पॅरा जागांवरच येतो. मग बघ, आधीच्या गटाच्या कार्बनवर तो येतोय का, आणि त्या गटाला ते आवडतंय का. ओएच, एनएचटू, मिथिल हे इलेक्ट्रॉन पुरवतात, त्यांना तो शेजारी प्रभार सांभाळता येतो, म्हणून पाहुणा ऑर्थो-पॅराला. नायट्रो स्वतःच इलेक्ट्रॉन ओढणारा, त्याच्या कार्बनवर धन प्रभार आला की ती जागा असह्य होते, म्हणून पाहुणा मेटाला. तिथं बसल्यावर निदान तो प्रभार नायट्रोच्या कार्बनवर येत नाही. मेटा हे प्रेमानं दिलेलं स्थान नाही, कमी त्रासाचं आहे.

टोल्युइनचं नायट्रेशन केलं तर साधारण ५९ टक्के ऑर्थो, ३७ टक्के पॅरा, मेटा ४ टक्के. "फक्त ऑर्थो-पॅरा" असं कुणी लिहू नये.

क्लोरीन-ब्रोमीन हे तक्त्यात विचित्र वाटतात: वेग कमी करतात पण पाठवतात ऑर्थो-पॅरालाच. कारण ते ओढतात बंधातून, आणि देतात त्यांच्या मोकळ्या जोडीतून. ओढण्यानं वेग ठरतो, देण्यानं जागा.

अनिलिनचं सरळ नायट्रेशन करून बघितलं तर ४७ टक्के मेटा मिळतं. एनएचटू तर ऑर्थो-पॅरावाला, मग हे काय? तर तीव्र आम्लात तो गट प्रोटॉन घेऊन धन झालेला असतो. आता तो देणारा राहत नाही, ओढणारा होतो. तक्ता पाठ केलेला मुलगा इथं अडतो, चित्र काढणारा अडत नाही.

आता गृहपाठ. बेंझीनपासून पॅरा-नायट्रोबेंझोइक आम्ल आणि मेटा-नायट्रोबेंझोइक आम्ल, दोन्ही कर. पायऱ्या त्याच वापरायच्या.

---

बारावीसायन्स | शनिवार, रात्री १०.३५

मिथिल क्लोराइड आणि निर्जल अॅल्युमिनियम क्लोराइडनं टोल्युइन. इथपर्यंत दोन्ही सारखं.

पॅरासाठी: आधी नायट्रेशन, कारण मिथिल ऑर्थो-पॅराला पाठवतो. मग पोटॅशियम परमँगनेटनं मिथिलचं सीओओएच.

मेटासाठी: आधी परमँगनेट, बेंझोइक आम्ल करून घ्यायचं. सीओओएच ओढणारा, मग नायट्रेशन मेटाला.

तक्ता बघितला नाही. चित्र काढलं.

---

खडूफळा | शनिवार, रात्री १०.५०

दोन्ही बरोबर. एक पायरी राहिली: पहिल्यात ऑर्थोही भरपूर तयार होतं, ५९ टक्के आठव. ते वेगळं कसं करशील?

---

बारावीसायन्स | शनिवार, रात्री ११.०५

ऊर्ध्वपातन?

---

पूर्वभाग | रविवार, सकाळी ६.१०

मी बोलू का मॅडम? एक घट्ट होत असेल आणि एक पातळ राहत असेल तर थंड करून गाळून घ्यायचं. आम्ही टाकीतला गाळ तसाच काढायचो.

---

खडूफळा | रविवार, सकाळी ८.३०

दोघांचंही चालतं. ऑर्थो-नायट्रोटोल्युइन आपल्याकडे बाराही महिने द्रव असतं. पॅरा ५२ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे सोलापूरच्या मे महिन्यातही घनच. थंड केलं की त्याचे स्फटिक पडतात. गाळून घ्यायचं, उरलेल्याला ऊर्ध्वपातन.

अण्णा, सोमवारी अकरावीच्या वर्गात येता का? डायझोची टाकी तुमच्या तोंडून ऐकली तर मुलांच्या जास्त लक्षात राहील. बर्फ मी आणते.

---

पूर्वभाग | रविवार, सकाळी ८.४१

येतो की. किती वाजता?